जरा पास करा: रेडिओवरून जाणारी ईमेल

संध्याकाळी सातची बेस्टची बस. कंडक्टर पुढे कुठेतरी, तुम्ही मागच्या दाराच्या पायरीवर एका पायावर, आणि मधे चाळीस माणसं. तुम्ही खिशातून नोट काढता, समोरच्याच्या खांद्याला हात लावता आणि म्हणता, "जरा पास करा, एक माहीम." नोट हातोहात पुढे जाते. थोड्या वेळाने तिकीट आणि सुट्टे पैसे त्याच वाटेने मागे येतात. मधल्या एकालाही तुम्ही ओळखत नाही. आता टॅप करायची कार्डं आलीत, पण चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही मुंबईकराच्या हाताला ही सवय अजून आठवत असेल.

हौशी रेडिओवर ईमेल कशी जाते, हे मला याच बसमुळे समजलं. पुस्तकातल्या आकृत्या पाहून नाही.

आधी रेडिओबद्दल थोडं. हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओ, हे सरकारी परीक्षा देऊन, लायसन्स काढून करायचं काम आहे. केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा, सगळे तिला डब्ल्यूपीसी म्हणतात, ते लायसन्स देते. बारा वर्षं पूर्ण झालेलं कुणीही परीक्षेला बसू शकतं. पास झालात की एक कॉलसाइन मिळतो. वरच्या श्रेणीला व्हीयू२ ने सुरू होणारा, खालच्या श्रेणीला व्हीयू३ ने. हा कॉलसाइन म्हणजे रेडिओवरचं नाव आणि पत्ता, दोन्ही. जगात दुसऱ्या कुणाकडे तो नसतो, आणि ईमेलच्या कामात याचा फार उपयोग होतो. बहुतेक हॅम माइकवर गप्पा मारतात, काही मोर्स कोड ठोकतात, आणि माझ्यासारखे काही जण रेडिओला संगणक जोडून बसतात.

आमच्या गच्चीवरचा अँटेना पाहून शेजारचे आजोबा विचारतात, "यावर क्रिकेट दिसतं का?" मी नाही म्हणतो. मग दुसरा प्रश्न ठरलेला: "ईमेल तर फोनवरून जाते. मग हा खटाटोप कशाला?" याचं उत्तर शेवटाकडे देईन, कारण यंत्रणा समजल्याशिवाय ते पटत नाही.

रेडिओ सेट आवाज नेतो. संगणकाकडे आकडे असतात, शून्य आणि एक. तेव्हा आकड्यांचा आवाज करावा लागतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ज्याला आम्ही टू मीटर म्हणतो, जुनी आणि अजूनही सर्रास चालणारी पद्धत दोन सुरांची आहे: एक १२०० हर्ट्झचा, दुसरा २२०० हर्ट्झचा. या दोन सुरांमध्ये सेकंदाला १२०० वेळा उडी मारायची किंवा त्याच सुरावर थांबायचं, आणि त्यातून शून्य-एक ओळखायचे. कानाला ऐकू येतो तो एक छोटासा खर्रर्र आवाज. ज्यांनी डायल-अप मोडेमवर इंटरनेट वापरलंय त्यांना ओळखीचा वाटेल. आवाज करायचं आणि समजून घ्यायचं काम पूर्वी टीएनसी नावाचा वेगळा डबा करायचा. आता लॅपटॉपचं साउंड कार्ड आणि डायर वुल्फसारखं फुकट सॉफ्टवेअर तेच काम करतं.

पण सगळी ईमेल एका दमात ओकायची नसते. तिचे तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकड्याला पाकीट घालायचं. म्हणून या पद्धतीचं नाव पॅकेट रेडिओ. पाकिटावर कुणाकडून, कुणाकडे आणि कुणामार्फत, असे तिन्ही कॉलसाइन असतात. आत जास्तीत जास्त २५६ अक्षरांचा मजकूर. आणि शेवटी एक तपासणीचा आकडा. वाण्याकडे यादी पाठवताना खाली "एकूण १४ जिनसा" लिहावं, तसा. घेणाऱ्याने पाकीट उघडून स्वतः हिशोब करायचा. जुळला तर ठीक. नाही जुळला तर पाकीट सरळ फेकून द्यायचं. दुरुस्त करायचा प्रयत्न नाही, तक्रारही नाही. पाठवणाऱ्याला ठरलेल्या वेळात "मिळालं" असं उत्तर आलं नाही की तो तेच पाकीट पुन्हा पाठवतो. या उद्धट वाटणाऱ्या नियमामुळेच पलीकडे पोचलेला मजकूर अक्षरनिअक्षर बरोबर असतो.

या नियमांच्या संचाला एएक्स.२५ म्हणतात. १९८४ मध्ये तो छापून आला. त्याच्या सहा वर्षं आधी, १९७८ मध्ये, कॅनडातल्या माँट्रियलच्या हौशी मंडळींनी पहिली पाकिटं हवेत सोडली होती. म्हणजे घरोघर इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

डोंगरावरचा प्रवासी

टू मीटरच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे क्षितिजापलीकडे त्या फारशा वळत नाहीत. किती लांब जातील याचा एक ढोबळ हिशोब आहे: अँटेनाची मीटरमधली उंची घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. दहा मीटर उंचीवरचा अँटेना साधारण १३ किलोमीटर पाहतो. शंभर मीटरवरचा ४१. माथेरानसारख्या साधारण ८०० मीटर उंचीच्या पठारावरचा ११६.

हे झालं कागदावर. प्रत्यक्ष मुंबईत तुमच्या आणि क्षितिजाच्या मधे चाळीस मजली टॉवर उभा असतो. माझ्या गच्चीवरून दक्षिणेकडे छान ऐकू येतं. पूर्वेला मात्र तीन वर्षांपूर्वी एक गृहसंकुल झालं आणि ती दिशाच बंद पडली. बिल्डरने ब्रोशरमध्ये "मोकळी हवा" लिहिलं होतं, ती त्यांच्या फ्लॅटधारकांना मिळाली असेल.

अशा वेळी उंच जागी एक डिजिपीटर ठेवायचा. डिजिटल रिपीटर याचं हे आखूड नाव, आणि तो म्हणजे बसमधला मधला प्रवासी. त्याच्याकडे एक सेट, एक टीएनसी, एक अँटेना आणि एक बॅटरी एवढंच असतं. तो सतत ऐकतो. पाकिटावर "कुणामार्फत" या रकान्यात स्वतःचं नाव दिसलं आणि तपासणीचा आकडा जुळला, की पाकिटावर "माझ्याकडून गेलं" अशी खूण करतो आणि तेच पाकीट पुन्हा हवेत सोडतो. साठवत काही नाही. आत काय लिहिलंय याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

आवाजाचा रिपीटर आणि डिजिपीटर यांत लोक नेहमी गल्लत करतात. आवाजाचा रिपीटर ऐकतो त्याच क्षणी बोलतो, म्हणून त्याला दोन फ्रिक्वेन्सी लागतात: एक कानासाठी, एक तोंडासाठी. शिवाय दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून महागडे फिल्टर. डिजिपीटर आधी पूर्ण ऐकून घेतो आणि मग बोलतो, त्यामुळे त्याला एकच फ्रिक्वेन्सी पुरते आणि खर्च फार कमी येतो. घरी कान आणि तोंड एकाच वेळी चालवणारे लोक असतात तसं नाही.

आता समजा वसईहून पाकीट निघालं, दोन डिजिपीटरांच्या हातून गेलं आणि अलिबागला पोचलं. म्हणजे तीन टप्पे. प्रत्येक टप्प्यावर दहातली आठ पाकिटं धड पोचतात असं धरू. ऐकायला बरं वाटतं. पण तिन्ही टप्पे पार करणारी पाकिटं ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे जेमतेम निम्मी. आणि "मिळालं" हे उत्तर त्याच तीन टप्प्यांनी परत यायचं असतं, तेही निम्म्याच वेळा येणार. जाऊन-येऊन काम फत्ते होतं ते चारातून साधारण एकदा. उरलेल्या तीन वेळा वसईवाला तेच पाकीट पुन्हा सोडतो, आणि सगळ्यांची एकच फ्रिक्वेन्सी अडवून बसतो.

बसमध्ये हेच होतं. तिकीट आलं नाही तर नोट कुणाच्या हातात अडकली ते तुम्हाला कळत नाही. तुम्ही फक्त मागून ओरडू शकता.

यावर ऐंशीच्या दशकात तोडगा निघाला. मधल्या माणसाला जरा जबाबदार केलं. तो पाकीट घेतो, "माझ्याकडे आलं" असं मागच्याला लगेच सांगतो, आणि पुढे पोचवायचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतो. पुढच्याने उत्तर दिलं नाही तर तोच पुन्हा प्रयत्न करतो, वसईवाल्याला त्रास देत नाही. याला नोड म्हणतात. एखादा टप्पा बिघडला तर पुनरावृत्ती त्या टप्प्यापुरतीच राहते. फरक छोटा वाटतो, पण लांबच्या वाटेवर जमीन-अस्मानाचा पडतो. माझं मत विचाराल तर एकाहून जास्त डिजिपीटर लावून ईमेल पाठवायचा हट्ट करूच नये. एक चालेल. दुसरा लागला तर नोड शोधा किंवा अँटेना वर चढवा.

एकमेकांना न दिसणारे दोघं

एका फ्रिक्वेन्सीवर सगळे, म्हणजे सगळे एकदम बोलले तर? १९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने बेटांना जोडणारं अलोहानेट नावाचं रेडिओ जाळं सुरू केलं, तेव्हा त्यांनी हा प्रश्न मोजून पाहिला. ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा बोलायचं ठरवलं, तर वाहिनीच्या एकूण क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपासच कामी येते. बाकीची टकरींत जाते.

म्हणून पॅकेट रेडिओत आधी ऐकायचं, वाहिनी मोकळी असेल तरच बोलायचं. त्यातही मोकळी दिसली रे दिसली की सगळे तुटून पडू नयेत म्हणून प्रत्येक टीएनसी मनातल्या मनात सोंगटी टाकतो. बहुतेक ठिकाणी चारात एक अशी शक्यता ठेवलेली असते. दान पडलं तर बोल, नाहीतर क्षणभर थांब आणि पुन्हा टाक. दादरला लोकलमध्ये चढताना ही पद्धत कुणी पाळली तर तो आयुष्यभर फलाटावरच राहील, पण रेडिओवर ती उत्तम चालते.

खरी पंचाईत वेगळीच आहे. वसईवाला डोंगराला ऐकतो, उरणवालाही डोंगराला ऐकतो, पण ते दोघं एकमेकांना ऐकत नाहीत. मधे अख्खी मुंबई आहे. वसईवाल्याला वाटतं वाहिनी मोकळी, उरणवाल्यालाही वाटतं मोकळी. दोघं एकदम सुरू होतात आणि डोंगरावर नुसता कालवा होतो. तपासणीचा आकडा जुळत नाही, दोन्ही पाकिटं कचऱ्यात. यावर जादूचा उपाय नाही. पाकिटं आखूड ठेवायची, घाई करायची नाही, आणि ईमेलसाठी वेगळी फ्रिक्वेन्सी ठेवायची, हेच शहाणपण.

पाकिटाची ईमेल कुठे होते

इथवर फक्त पाकिटं इकडून तिकडे गेली. ईमेल म्हणून ती ओळखली जातात ती गेटवेपाशी. गेटवे हे असं स्टेशन, ज्याचा एक पाय रेडिओत आणि दुसरा इंटरनेटमध्ये असतो.

या कामाची जगातली सगळ्यात मोठी व्यवस्था म्हणजे विनलिंक. अमेरिकेतली एक ना-नफा संस्था आणि जगभरचे स्वयंसेवक हॅम ती चालवतात. तुमचा कॉलसाइन हाच तुमचा पत्ता: कॉलसाइन, ॲट, विनलिंक डॉट ऑर्ग. तुम्ही लॅपटॉपवर विनलिंक एक्स्प्रेस किंवा पॅट नावाच्या प्रोग्राममध्ये साधी ईमेल लिहिता. प्रोग्राम ती दाबून लहान करतो आणि रेडिओवरून गेटवेला हाक मारतो. थेट पोचत नसेल तर डिजिपीटरमार्फत. गेटवे ती घेऊन मध्यवर्ती सर्व्हरकडे देतो आणि तिथून ती नेहमीच्या ईमेलसारखी बाहेर पडते. घेणाऱ्याकडे रेडिओ असण्याची गरज नाही. त्याच्या इनबॉक्सात ती बँकेच्या जाहिरातींच्या रांगेत येऊन बसते.

इथे एक गैरसमज खोडून काढायला हवा, कारण बातम्यांमध्ये "इंटरनेटशिवाय ईमेल" असे मथळे असतात. इंटरनेट कुठेतरी लागतंच. फक्त ते तुमच्याकडे असण्याची गरज नाही. तुमच्या भागातलं मेलं असेल तर रेडिओ तुमचं पत्र उचलून जिथे ते जिवंत आहे तिथे नेऊन टाकतो. ते ठिकाण ठाणं असेल, पुणं असेल, नाहीतर दुसरा देश. आणि सगळीकडेच बोंब असेल तर दोन स्टेशनं गेटवेला वगळून एकमेकांना थेट ईमेल देऊ शकतात. काही गेटवे तर टपाल स्वतःपाशी धरून ठेवतात आणि शॉर्टवेव्हवरून एकमेकांत पुढे सरकवतात.

दुसरी गोष्ट नवख्यांना कायम चकवते. आलेली ईमेल तुमच्या सेटवर आपोआप टिंग करून पडत नाही. पूर्वी गावात पोस्टमन रोज येत नसे, तेव्हा लोक पोस्टात जाऊन विचारत, "माझं काही आलंय का?" तसंच हे. तुम्ही गेटवेला हाक मारून विचाराल तेव्हा साठलेलं टपाल मिळेल. चांगली बाजू अशी की कुठल्याही गेटवेला विचारलं तरी चालतं. आज ठाण्यातल्या, उद्या कोकणात गेलात तर तिथून जो मिळेल त्या.

फालतू जाहिराती रेडिओवर येऊ नयेत याचीही सोय आहे. ज्यांना तुम्ही आधी लिहिलंय त्यांचंच उत्तर आत येतं. अनोळखी माणसाने लिहायचं असेल तर विषयात एक ठरलेली खूण टाकावी लागते. माझ्या नेहमीच्या इनबॉक्सालाही असा दरवान असता तर किती बरं झालं असतं.

शॉर्टवेव्हचा, म्हणजे एचएफचा खेळ वेगळा आहे आणि त्यावर स्वतंत्र लेख होईल, म्हणून थोडक्यात. ७ किंवा १४ मेगाहर्ट्झच्या लहरी आकाशातल्या आयनांच्या थरावरून परावर्तित होऊन खाली येतात. दुपारी सात मेगाहर्ट्झवर काहीशे किलोमीटर, चौदावर काही हजार. मधे डिजिपीटर नको, डोंगर नको. पण सिग्नल कमी-जास्त होत राहतो आणि खरखर भरपूर. तिथे "मोडकं पाकीट फेकून द्या" हा नियम चालवला तर सगळीच फेकावी लागतील. म्हणून पॅक्टर, व्हारा, आर्डॉप यांसारख्या पद्धती मजकुरासोबत जास्तीची माहिती पाठवतात. तिच्यावरून मोडलेली अक्षरं पलीकडे पुन्हा जुळवता येतात, आणि सिग्नल पाहून वेग आपोआप वर-खाली होतो. भर समुद्रातल्या शिडाच्या होड्यांवरचे हॅम घरी पत्रं लिहितात ती याच मार्गाने. पॅक्टरचा जर्मन मोडेम अफाट महाग आहे. व्हारा आणि आर्डॉप साउंड कार्डावर चालतात, त्यामुळे आपल्यासारख्यांची सोय झाली.

एपीआरएस, म्हणजे पाकिटांतून आपली जागा आणि छोटे निरोप कळवायची पद्धत, हा आणखी एक चुलतभाऊ. त्यात ६७ अक्षरांपर्यंतचा निरोप जातो, आणि ठरलेल्या नावाने पाठवला तर पलीकडे त्याची छोटी ईमेल होते. त्यातला सगळ्यात भारी डिजिपीटर डोक्यावरून जातो: आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर हॅम रेडिओ आहे, आणि तो अनेकदा १४५.८२५ मेगाहर्ट्झवर डिजिपीटर म्हणून चालू असतो. चारशे किलोमीटर उंचीवरचा हा प्रवासी आठ-दहा मिनिटांत क्षितिजाआड जातो, तेवढ्यात नोट पास करायची.

वेग, आणि देवनागरीचा भुर्दंड

सेकंदाला १२०० बिट म्हणजे १५० बाइट. तेही कागदावर. उत्तरांची ये-जा धरली तर निम्मा वेग मिळाला तरी समाधान मानायचं. फोनने काढलेला तीन एमबीचा फोटो या वेगाने पाठवायला साडेपाच तासांहून जास्त लागतील, आणि तोवर शेजारचे सगळे हॅम तुमच्या घराखाली मोर्चा घेऊन आलेले असतील. विनलिंक जोडपत्रं साधारण १२० केबीपर्यंतच घेतं. टू मीटरवर तेवढ्यालाही सगळं सुरळीत चाललं तर पाव तास जातो.

आपल्या लिपीचा एक वेगळाच हिशोब आहे. "मी सुखरूप आहे" हे देवनागरीत लिहिलं तर ३५ बाइट होतात, कारण संगणक प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट मोजतो, वेलांटी आणि उकारालासुद्धा. तेच रोमन अक्षरांत लिहिलं तर १४. शिवाय पॅकेट रेडिओची जुनी सॉफ्टवेअरं रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली. मी हौसेने पाठवलेलं पहिलं मराठी पत्र पलीकडे विचित्र चिन्हांची रांग बनून उतरलं. तेव्हापासून मी रेडिओवर मराठीच लिहितो, पण रोमन अक्षरांत. जिवावर येतं, पण पोचतं.

गुप्ततेचं काय? नाही. हौशी रेडिओवर अर्थ लपवणारी सांकेतिक भाषा चालत नाही. दोन देशांतल्या हॅम स्टेशनांमधल्या बोलण्यासाठी तर हे आंतरराष्ट्रीय नियमांतच लिहिलेलं आहे. मजकूर दाबून लहान केलेला असतो, कुलूपबंद नसतो, आणि कुणीही योग्य सॉफ्टवेअरने तो उलगडू शकतो. ओटीपी, पासवर्ड, कुणाच्या आजारपणाचा तपशील, यातलं काही पोस्टकार्डावर लिहाल का? मग इथेही नको. धंद्याचा व्यवहारही नको, रेडिओ हौशी आहे. आणि तिसऱ्या माणसाचा निरोप देशाबाहेर न्यायची मुभा आंतरराष्ट्रीय नियम आणीबाणी आणि आपत्तीच्या मदतकार्यापुरतीच देतात. गेटवे लावण्याआधी आपल्या लायसन्सच्या अटी ओळ न ओळ वाचाव्यात, हे वेगळं सांगायला नको.

तर मग कशाला?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या रात्री मी कलिन्याजवळ एका कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर अडकलो होतो. खाली छातीइतकं पाणी. फोन लागत नव्हते. एक-दोघांचे अधूनमधून लागत, आणि मग वीस जण आपापल्या घरचा नंबर सांगायला त्यांच्याभोवती गोळा होत. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेत कॅटरिना वादळ आलं, आणि तिथल्या हॅमनी विनलिंकवरून निरोप हलवले. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. लहानशी गोष्ट, पण मोबाइलचा मनोराही शेवटी विजेवर आणि मर्यादित बॅटरीवरच उभा आहे, हे त्या दिवशी पुन्हा आठवलं.

आता कुणी म्हणेल, अशा वेळी माइकवर बोलावं, ईमेल कशाला लिहीत बसता? खरं आहे. "इथे होडी पाठवा" हे सांगायला आवाजाइतकं जलद काही नाही. १९९३ च्या लातूर भूकंपात आणि २००१ च्या भुजच्या भूकंपात हॅम मंडळींनी आवाजावरच मोठं काम केलं.

पण आवाजावर यादी सांगून पाहा. खरखरीत सेटवर चाळीस नावं, चाळीस फोन नंबर आणि औषधांची यादी. निफेडिपिन आणि निमोडिपिन ही दोन वेगवेगळी औषधं आहेत, आणि सहा तास माइक धरून बसलेल्या माणसाच्या कानाला ती एकच वाटतात. नऊ आणि पाचची गफलत तर इंग्रजीत इतकी होते की रेडिओवर नऊला "नायनर" म्हणायची पद्धतच पडली. पॅकेटवर ती यादी उशिरा पोचेल, दोनदा अडकेल, पण पोचली की जशीच्या तशी. आणि जिच्याकडे पोचवायची ती व्यक्ती त्या क्षणी सेटपाशी बसलेली नसली तरी चालतं. शेजारच्या आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे हे टेलिग्रामसारखं आहे." त्यांचा टेलिग्राम तारखात्यातला होता. आणि त्यांचं बरोबर होतं.

सुरुवात करायची असेल तर लायसन्स, टू मीटरचा एक सेट, लॅपटॉप आणि दोघांमधली केबल एवढं पुरतं. केबलवर मात्र मनापासून लक्ष द्या. माझे पहिले आठ दिवस फुकट गेले. सेट चालू, सॉफ्टवेअर चालू, खर्रर्र आवाजही जातोय, पण ठाण्यातल्या मित्राचा गेटवे ढिम्म. मी अँटेना बदलला, कनेक्टर बदलला, चिडून लॅपटॉपही बदलला. शेवटी तो मित्र स्वतः घरी आला, चहा घेतला, आणि साउंड कार्डचा आवाज निम्म्याहून खाली आणला. मी इतक्या मोठ्याने बोलत होतो की सूर फाटत होते आणि एकही पाकीट हिशोबात जुळत नव्हतं. दुसरी चूक त्यानेच दाखवली: बटण दाबल्यापासून सेट खरोखर हवेत बोलायला लागेपर्यंत एक सेकंदाचा काही अंश जातो. तेवढं थांबायचं असतं, सुमारे ३०० मिलिसेकंद. मी थांबत नव्हतो, त्यामुळे प्रत्येक पाकिटाचं डोकंच कापलं जात होतं.

आता महिन्यातून एका रविवारी मी सराव करतो. राउटर बंद, फोन विमान मोडवर, सेट बॅटरीवर. नाशिकला एक काकू आहेत, मी शाळेत होतो तेव्हापासून त्यांच्याकडे लायसन्स आहे. त्यांच्या विनलिंकच्या पत्त्यावर चार ओळी पाठवतो. गेल्या खेपेला पत्र दुसऱ्याच प्रयत्नात गेलं. मी खुशीत सेट बंद केला, राउटर लावला, जेवायला बसलो. पुढच्या महिन्यात गेटवेला हाक मारली तेव्हा त्यांचं उत्तर हाती पडलं. ते त्याच दुपारी सव्वादोनला निघालं होतं: "मिळालं. तुझा आवाज आता ठीक आहे का ते लगेच कळव, मी सेटपाशी बसलेय."